दोन माणसांचं भाडं

१२ जानेवारी, रविवार

क्लिनिकातली सिस्टर म्हणाली, "मांबाथा, तुमचं बीपी नुसत्या गोळ्यांनी उतरायचं नाही. डोक्यात जे फिरतं ते कागदावर काढा." मी म्हटलं, "माझी शाळा चौथीत सुटली." म्हणाली, "मग चौथीतलं काढा." जीभ बघा हिची. पण वही आणली.

तर आज मी घर बघितलं. डर्बनमध्येच, ग्लेनवुडला, चढावर. लाल पॉलिशचा व्हरांडा, मागे अवोकाडोचं झाड. म्हातारी मालकीण पोराकडे ऑस्ट्रेलियाला चाललीय. घर दाखवणारी नायकर बाई मला न्हाणीघर दाखवत होती आणि मी फाटकाबाहेर जाऊन फुटपाथ बघत होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना फुटपाथ. गुलमोहराच्या मुळांनी फरशा उचलल्यात, पण आहे. बेकरीला चालत जा, चर्चला चालत जा, लायब्ररीला चालत जा. नायकर बाई म्हणाली, "लोक मला गॅरेज विचारतात हो. फुटपाथ विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

तिला काय सांगू. माझा नवरा भेकुयिसे फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर मेला. तीन वर्षं झाली. हायवेच्या कडेनं चालला होता, ट्रकनं उडवला. जादा पाळी आहे म्हणून घरातून निघाला. कारखाना आमच्या उमलाझीच्या उत्तरेला, आणि पोलिसांनी जागा दाखवली ती दक्षिणेला, इसिपिंगोच्या फाट्यापाशी. मी म्हटलं, ट्रकनं फरफटत नेला असेल. हवालदार म्हणाला, "एवढं लांब?" मी म्हटलं, तुम्ही ट्रक पकडा, मला भूगोल शिकवू नका.

घर आवडलं. म्हणूनच छातीत धडधडतंय. न आवडतं तर आत्ता झोपले असते.

१८ जानेवारी, शनिवार

सही केली. लेक सिथाबिलेनं सगळे कागद मोठ्यानं वाचून दाखवले. ती औषधांच्या दुकानात काउंटरला असते, तिला बारीक अक्षरं वाचायची सवय आहे. माझा हात थरथरत होता. नायकर बाईला वाटलं वय झालंय. मी म्हटलं, रोज पहाटे मिनीबस टॅक्सींच्या रँकवर विकायला पावाचं पीठ मळते मी, तुझ्या दुप्पट जोर आहे या हातात.

बाहेर आलो तर समोरचा गोरा म्हातारा कुत्रं घेऊन फाटकापाशी उभा. आखूड पायांचं तपकिरी कुत्रं. म्हातारा घराकडे बघतोय, मग माझ्याकडे, परत घराकडे. "गुड मॉर्निंग" म्हणाला. मीही म्हटलं. तरी हलेना.

सिथाबिले म्हणाली, "मा, तो नुसता उभा आहे."

नुसतं कुणी उभं राहत नाही. भिंतीवर त्या बंदूकवाल्या पहारा कंपनीची पाटी आहे, त्यांना फोन करणारे असेच असतात.

२७ जानेवारी, सोमवार

काल धाकटा दीर झिबुसे आला होता. दोन वाट्या आतड्यांचा रस्सा आणि अर्धा पाव संपवला, मग तोंड उघडलं. "ऐकलं ते खरं का, वहिनी? उमलाझीचं घर विकलंस?"

"विकलं. मार्चअखेर रिकामं करून द्यायचंय."

"आणि दादा?"

मला तेच हवं होतं. मी म्हटलं, "दादाला तू आणणार होतास. मयताच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालास, मी बघतो. तीन वर्षं बघतोयस. काय बघतोयस?"

माणूस जिथं मरतो तिथं त्याचा जीव बसून राहतो. भावानं नाहीतर लेकानं काट्याची फांदी घेऊन तिथं जायचं, ती बोरीच्या जातीची, वाकड्या काट्यांची. नाव घेऊन हाक मारायची, त्याला फांदीवर बसवायचं आणि घरी आणायचं. वाटेत बोलायचं ते त्याच्याशीच. दुसऱ्या कुणाशी एक शब्द बोललं की तो तिथंच उतरतो. तो आला नाही तर घराला वाडवडील नाहीत, आणि तसल्या घरात झोपणाऱ्याचं काय होतं ते मी माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी बघितलंय. वर्षाच्या आत तीन मयतं.

झिबुसे बोटं चाटत बसला. मग म्हणाला, "माणूस एकदाच आणतात, वहिनी."

"एकदा तरी आण की."

उठला आणि गेला. पाण्याचा पेलासुद्धा तसाच. हा माणूस कायमचा अर्धवट.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बँक हो म्हणाली. रँकवरच्या बाया नाचल्या. मी पण थोडी नाचले, मग गुडघा धरला.

१६ फेब्रुवारी, रविवार

चर्चनंतर एकटीच नव्या गल्लीत गेले. म्हटलं चालून बघावं, पायांना सवय होऊ दे. सगळीकडे शांत. आमच्याकडे रविवारी चार घरांची चार गाणी एकमेकांवर चढतात. इथं नुसता फवाऱ्याचा आवाज. आपल्याच चपलांचा आवाज ऐकून मी दोनदा मागे वळले.

वळणावर पहारा कंपनीची गाडी माझ्या मागं लागली. मी थांबले की थांबायची, चालले की चालायची. आतल्या पोरानं काच खाली केली. आमच्यातलाच, झुलू. "मा, कुठं निघालात?"

"चालतेय."

"पण कुठं?"

"कुठं नाही. चालतेय."

मांडीवरच्या वहीत काय लिहायचं ते त्याला कळेना. म्हणाला, "सांभाळून चाला." त्या गल्लीत कुत्रं घेतलेला माणूस कुठंही जायचं नसताना नुसता चालू शकतो. मला कुत्रं घ्यावं लागेल.

म्हातारा आजही होता. कुत्रं माझ्या फाटकाला नाक लावून बसलेलं आणि हा त्याला ओढतही नव्हता. बेकरीवालीनं नाव सांगितलं, हॅडफील्ड. एकटाच राहतो म्हणे. एकट्या माणसाला दुसऱ्यांवर नजर ठेवायला भरपूर वेळ.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सिथाबिलेला म्हटलं, काका येत नसेल तर तू चल माझ्याबरोबर हायवेला. तिनं भांडी जोरजोरात घासायला घेतली.

"मा, बाबांना यायचं असेल तर येतील. आपण जाऊ या ना राहायला."

"न आणता? तुला मरायचंय का मला मारायचंय?"

"त्या दिवशी माझी ड्युटी आहे."

"कुठल्या दिवशी? मी दिवस सांगितलाच नाही अजून."

या पोरीला बापाचं काही नाही. आणि तो हिच्यावर जीव टाकायचा. तिच्या पिशवीत लहान मुलीचे बूट मिळाले, गुलाबी, पट्ट्याचे. कुणाचे विचारलं तर मैत्रिणीच्या मुलीचे म्हणाली. महिन्याला त्या मैत्रिणीकडे जाते, मी कधी बघितली नाही. घर घ्यायच्या वेळी लोकांच्या पोरांना बूट वाटत फिरायचं.

९ मार्च, रविवार

मी झिबुसेच्या घरी गेले. सगळ्या भावकीसमोर विचारलं, येणार की नाही. तो म्हणाला, "ते घर तुझ्या नावावर होणार. दादाचा त्या घराशी संबंध नाही. नेऊन कुठं ठेवू त्याला, फ्रिजवर?" दोघं तिघं हसले. मग एकदम हसायचे थांबले आणि जमिनीकडे बघायला लागले. म्हाताऱ्या चुलत सासूनं माझा हात धरला, म्हणाली, "सोड ना, पोरी." सगळ्यांना माहीत असलेलं काहीतरी मला माहीत नाही, असं मला वाटलं. मग वाटलं, बीपी.

मी उठले आणि सांगितलं, मीच आणते. झिबुसे म्हणाला, "बाईनं आणलेला येत नाही." मी म्हटलं, "तुझ्यासारख्यानं न आणलेला तर मुळीच येत नाही."

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. खरंच आला नाही तर? बोलले ते सगळ्यांसमोर.

१५ मार्च, शनिवार

घर माझ्या नावावर लागलं. म्हातारीनं स्वतः किल्ल्या हातात दिल्या आणि गालाचा मुका घेतला. म्हणाली, "या घरात मी सुखात होते." मी फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. नायकर बाई बघतच राहिली. "स्वतःच्या घरात येत नाही तुम्ही?"

"पुढच्या शनिवारी येते. आधी मालकाला आणायचंय."

तिला वाटलं नवरा गावाला आहे.

किल्ल्या उशीखाली ठेवल्यात. रिकाम्या घराच्या काचा फोडतात म्हणे. इकडं उमलाझीच्या घरात नव्या मालकिणीनं पडद्यांची मापं घेतली, मी पलंगावर बसलेली असताना. मागं घर नाही, पुढच्या घरात पाय टाकायची हिंमत नाही.

२२ मार्च, शनिवार

हात सुजलाय. तरी आजचं आजच लिहिते.

सकाळी फांदी तोडून आणली, मळलेल्या कणकेसारखा एकच विचार डोक्यात, तो येईल, तो येईल. सिथाबिले म्हणाली, "मी नव्या घरापाशी थांबते, मा. फाटकाबाहेर." डोळे सुजलेले. बरोबर चल म्हणायचा मी आता कंटाळा केला.

इसिपिंगोच्या फाट्यावर टॅक्सीनं सोडलं. उतारानं खाली हायवे. ट्रक जातात तेव्हा जमीन हलते, स्कर्ट अंगाला चिकटतो. कठड्याला धरून चालले.

त्या जागेपाशी कठड्याच्या अलीकडे एक बाई भाजलेली कणसं विकत बसलेली. माझ्या हातातली फांदी बघून उठून उभी राहिली, डोक्याचं फडकं नीट केलं. "कुणाला न्यायला आलात, मा?"

अजून हाक मारली नव्हती, म्हणून बोलले. "तीन वर्षांपूर्वी ट्रकनं उडवला तो. कारखान्याच्या पिवळ्या कोटातला."

तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "त्याला नेलाय, मा."

"कुणी नेला?"

"त्याच्या भावानं. पंधरवड्याच्या आत आले होते. बरोबर एक तरुण बाई होती, त्या तिकडच्या घरांमधली, आणि तिच्या कडेवर छोटी. मी बघितलंय. तो पडला त्या दिवशी केकचा डबा होता त्याच्या हातात, छोटीचा वाढदिवस होता म्हणे. रस्त्यावर गुलाबी क्रीम..." मग तिच्या लक्षात आलं. तोंडावर हात ठेवला. "तुम्ही कोण त्याच्या?"

"तो वेगळा," मी म्हटलं. "या रस्त्यावर काय एकच माणूस मरतो?"

"हो," ती म्हणाली. "वेगळा असेल, मा. पुष्कळ मरतात." आणि पाठ करून कणसं उलटी करायला लागली. भाजलेली होती ती.

मी हाक मारली. मोठ्यानं, ट्रकच्या वर. भेकुयिसे न्गुबाने, ऊठ. घर बदललंय. मी मांबाथा, तुला न्यायला आलेय. तीनदा म्हटलं. सगळे सांगतात, तो बसला की फांदी जड होते, खांद्यात कळतं. माझी फांदी होती तशीच होती. वाऱ्यानं हलत होती, हलकी. मी ती जोरात धरली, काटे तळव्यात गेले, मग थोडी जड वाटली.

टॅक्सीत चढताना दोन बोटं दाखवली, दोन माणसांचं भाडं पुढं दिलं. ड्रायव्हरनं आरशात फांदी बघितली आणि गाणं बंद केलं. मी खिडकीशी बसले, शेजारी रिकामी सीट. पुढच्या थांब्यावर एक जाडी बाई पिशव्या घेऊन चढली आणि तिथं बसायला गेली, तर ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, तिथं बसलेत." तिनं फांदी बघितली आणि त्या रिकाम्या सीटकडे बघून मान झुकवली. "माफ करा, बाबा." आणि सगळा रस्ता उभी राहिली, वाकून, पिशव्या पायांत. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

त्यांना सांगावंसं वाटत होतं, बस बाई, पाय दुखतील. पण मला बोलायचं नव्हतं. माझं काम त्याला वाट सांगायचं. तर मी सीटकडे तोंड करून सांगत गेले. आता पूल आला, न्गुबाने, नदी ओलांडतोय. आता शहर लागलं. आता आपण उतरायचंय. सगळे ऐकत होते. माझा आवाज मला चोरासारखा वाटत होता. ती वाकलेली बाई प्रत्येक वाक्याला "हो, बाबा" म्हणायची.

खालच्या मोठ्या रस्त्यावर उतरले. वर चढाला टॅक्सी जात नाही, तिथून फुटपाथ. दुपारचं ऊन, माणूस नाही. तळव्यातून रक्त मनगटावर आलेलं, ब्लाउजला लागलेलं. बेकरीवालीनं हाक मारली, मी बघितलं नाही. पहाऱ्याची गाडी आली, तोच पोरगा. त्यानं फांदी बघितली आणि काच वर करून घेतली, गाडी लांब ठेवली. म्हणजे त्यालाही वाटलं, मी कुणाला तरी आणतेय.

मग मागून कुत्र्याची साखळी वाजली.

"हॅलो? मॅडम?" हॅडफील्ड. मी चालत राहिले. "तुम्हाला लागलंय. रक्त येतंय तुम्हाला." मी चालत राहिले. तो धापा टाकत बरोबर. "कुणी मारलं का तुम्हाला? कुणाला बोलवू का? तुम्ही कुठं निघालात, सांगाल का मला?" हे शेवटचं ऐकलं. हाच प्रश्न. आता हा फोन काढणार. फांदी घेतलेली रक्ताळलेली बाई गल्लीत शिरलीय, विचारलं तर बोलत नाही. मग गाडी, मग बंदुका, मग माझ्या नावाची किल्ली माझ्याच ब्लाउजमधून काढून दाखवायची.

फाटक समोर दिसत होतं. सिथाबिले बाहेर उभी होती, दोन्ही हात तोंडावर. तेवढं गप्प चालले असते तर झालं होतं. आत जाऊन फांदी कोपऱ्यात टेकवली असती, धूप जाळला असता, आणि उद्या झिबुसेला, भावकीला, रँकवर सगळ्यांना सांगितलं असतं, आणला. कुणी फांदी वजन करून बघत नाही.

मी थांबले. वळले आणि म्हटलं, "मी कुठं निघाले नाही. मी इथं राहते. हे माझं घर आहे. माझं नाव मांबाथा."

म्हातारा थांबला. "माहीत आहे मला," तो म्हणाला. "डल्सीचं घर तुम्ही घेतलंत. ती बिस्किटं द्यायची याला, म्हणून हा तुमच्या फाटकाशी अडतो, मला ओढवत नाही आता. मला वाटलं, तुम्हाला कुणी मारलं." मग फांदीकडे बघून म्हणाला, "लावायला आणलीत का?"

"नाही."

कुत्रं माझ्या स्कर्टला झोंबत होतं म्हणून बोलावं लागलं. नाहीतर मी बोलले नसते. ते इथं लिहून ठेवते.

सिथाबिले धावत आली. "मा, तू बोललीस."

"बोलले."

"म्हणजे बाबा..."

"ते उतरले असतील. त्यांना कुठं उतरायचं ते माहीत आहे."

ती माझ्या गळ्यात पडून रडायला लागली, रस्त्यात, त्या गोऱ्यासमोर. म्हणत होती, मला सांगायचं होतं, मला सांगायचं होतं. मी म्हटलं, आधी हाताला औषध लाव, तुझ्याकडे दुकानभर आहे.

मग फाटक उघडून आत गेले. पुढं मी, मागं ती. फांदी अवोकाडोखाली टाकली.

२३ मार्च, रविवार

झोप नाही. छपरावर काहीतरी चालत होतं. माकडं, सिथाबिले म्हणते. सगळे दिवे चालू ठेवले. पहाटे ते लांब चोचीचे मोठे पक्षी किंचाळले तेव्हा मी पलंगाखाली शिरणार होते.

३० मार्च, रविवार

दोनदा बेकरीत जाऊन आले. चालत. हात बरा आहे. बीपी नाही.

संध्याकाळी झिबुसेचा फोन आला. कुणीतरी त्याला सांगितलं असणार, फाट्यावर त्याचे सगळे ओळखीचे.

"वहिनी, तू तिकडं गेली होतीस म्हणे."

"गेले होते."

"मग... आला का तो?"

"तूच सांग. तिकडं तू ठेवलायस त्याला."

चिडला, तो चिडतोच. "मग आता त्या घरात आहे कोण? वाडवडलांशिवाय राहतेस तू. भीती नाही वाटत?"

"वाटते की. रोज वाटते."

"आणि उद्या तू गेलीस तर? तुझ्यासाठी फांदी घेऊन कोण येणार, सांग मला. मी तर येणार नाही."

हा प्रश्न मला आठवडाभर खात होता. मी खिडकीतून बाहेर बघितलं, फुटपाथवर सिथाबिले कोपऱ्यावरून येताना दिसत होती, हळूहळू, गुलमोहराची मुळं ओलांडत.

"मी घरातच मरणार आहे, झिबुसे," मी म्हटलं. "मला आणायला लागणार नाही."